मानाचीं वस्त्रें

स्कॉटलंडमधील गृहस्थास लग्नसमारंभास किंवा रात्रीच्या मेजवानीस जावयाचें असलें म्हणजे कपाटापुढें उभें राहून त्याला बराच विचार करावा लागतो. किल्ट नेसावयाचा हें ठरलेलें असतें. पण तो कोणत्या चौकड्यांचा? आपल्या कुळाचा, आईच्या कुळाचा, कीं ज्या पलटणींत चाकरी केली तिचा? समारंभ दिवसाचा असेल तर लोकरीचा जाडसर कोट चालतो. रात्रीं काळा आंखूड कोट हवा, कमरेपुढें केसाळ कातड्याची थैली हवी, आणि पायमोज्यांत खोंवलेली लहानशी सुरीही हवी. आपणांस ही सारी हौस वाटेल. परंतु श्रोतेहो, आपल्या सातारा-सांगलीकडील गेल्या दोन-तीन शतकांचा इतिहास चाळून पाहिला तर कोणत्या प्रसंगीं अंगावर काय घालावें व डोक्यावर काय बांधावें हा प्रश्न आमच्या पूर्वजांनीं याहून कितीतरी गंभीरपणें घेतलेला दिसतो. त्यांत कधीं अब्रू गुंतलेली असे, कधीं वतन, आणि कांहीं प्रसंगीं तर सारें राज्यच गुंतलेलें असे.

आमच्या जुन्या कागदपत्रांत 'वस्त्रें' हा शब्द कपड्यांच्या अर्थानें जितका येतो त्याहून अधिकाराच्या अर्थानें अधिक येतो. अमक्यास पेशवाईचीं वस्त्रें झालीं, तमक्यास सेनापतीचीं वस्त्रें दिलीं, अशीं वाक्यें पानोपानीं आढळतात. वस्त्रें मिळालीं म्हणजे पद मिळालें. वस्त्रें मिळालीं नाहींत तर हातीं कितीही फौज असो, मनुष्य अधांतरींच. ही रीत आमच्याकडे मोंगलांच्या दरबारांतून आली. बादशहा ज्यास गौरवावयाचें त्यास खिलत देई, आणि तिच्या पायऱ्या ठरलेल्या असत. तीन वस्त्रांची खिलत म्हणजे पागोटें, जामा व कमरबंद; पांच वस्त्रांची असली म्हणजे तींत शिरपेच व पागोट्यावर आवळावयाचा पट्टा हीं अधिक; त्याहून वरच्या प्रतीच्या सहा व सात वस्त्रांच्या. शिरापासून पायापर्यंतचा पोशाख म्हणून त्यास 'सरोपा' म्हणत, आणि त्याचाच मराठींत 'शिरपाव' झाला. कीर्तनकाराच्या किंवा पैलवानाच्या डोक्यास भर सभेंत पागोटें गुंडाळतात तेव्हां त्या जुन्या दरबाराचा शेवटचा धागा आपण पाहत असतों.

जाम्याचेंही एक शास्त्र होतें. तो छातीवर एकावर एक पदर घेऊन बंदांनीं बांधावयाचा. हिंदूचे बंद डाव्या बगलेखालीं, मुसलमानाचे उजव्या. एरवीं दोघांचा पोशाख इतका सारखा असे कीं परदेशी प्रवाशास या गांठीवांचून फरक उमगत नसे. त्यावर कमरेस शेला, खांद्यावर शालजोडी, डोक्यास मंदील किंवा चिरा, मंदिलावर शिरपेच-तुरा, आणि कानांत मोत्यांचा चौकडा किंवा भिकबाळी. मंदील जरीचा, तो ज्याला त्याला बांधतां येत नसे, म्हणजे बांधण्याचा मान नसे. कापड पैशानें मिळतें, परंतु तें अंगावर घालण्याचा हक्क पैशानें मिळत नाहीं, हें त्या काळीं सर्वांस ठाऊक होतें.

आतां साताऱ्याकडे वळूं. इ. स. १७२० मध्यें बाळाजी विश्वनाथ वारल्यावर शाहू महाराजांनीं कऱ्हाडाजवळील मसूर येथें त्यांच्या विशीं न ओलांडलेल्या मुलास पेशवाईचीं वस्त्रें दिलीं. तोच पहिला बाजीराव. १७४० मध्यें नानासाहेबांस तीं मिळालीं. येथपर्यंत देणारा धनी समर्थ होता आणि घेणारा चाकर पराक्रमी होता; रीत आणि वस्तुस्थिति यांचा मेळ होता. परंतु १७४९ च्या डिसेंबरांत शाहू महाराज निवर्तले, रामराजे गादीवर आले, आणि लौकरच ताराबाईनें त्यांस साताऱ्याच्या किल्ल्यावर अटकेंत टाकलें. पुढें कारभार सर्वस्वीं पुण्यास गेला. छत्रपति नांवाचे धनी राहिले. आणि तरीही प्रत्येक नव्या पेशव्यास त्यांच्याच हातून वस्त्रें घ्यावीं लागत. पानिपतानंतर सहा महिन्यांनीं, १७६१ च्या जुलैंत, सोळा वर्षांचे माधवराव त्यासाठीं साताऱ्यास आले. अटक ते पावेतों घोडे दवडणाऱ्या राज्याचा कारभारी एका बंदिवान राजाकडे जाम्या-पागोट्याची याचना करतो, हें दृश्य परकीय इतिहासकारांस हास्यास्पद वाटलें आहे. मला तें तसें वाटत नाहीं. तलवारीनें राज्य मिळवितां येतें, पण त्या राज्यांत आपण कोण हें तलवार सांगत नाहीं. तें त्या वस्त्रांनीं सांगितलें जाई. इंग्लंडांतही प्रधान राज्य चालवितो आणि मोहोर राजाच्या नांवाची असते.

या रीतीची खरी कसोटी १७७३ सालीं लागली. ऑगस्टच्या तीस तारखेस पुण्याच्या शनिवारवाड्यांत नारायणरावांचा खून झाला. संशय ज्यांच्यावर होता ते रघुनाथराव वाड्यांत, फौजेंत, खजिन्यांत सर्वत्र मोकळे होते. नव्हतीं तीं फक्त वस्त्रें. तेव्हां त्यांनीं आपल्या दत्तक मुलास, अमृतरावांस, साताऱ्यास पाठविलें, आणि रामराजांकडून वस्त्रें आणवून तीं धारण केलीं. देणाऱ्यास नाहीं म्हणण्याची शक्ति होती असें नाहीं. परंतु पुढच्याच वर्षीं पारडें फिरलें. नारायणरावांची विधवा गंगाबाई हिला १८ एप्रिल १७७४ रोजीं पुरंदरावर मुलगा झाला, आणि कारभाऱ्यांनीं साताऱ्याहून त्या बालकासाठीं वस्त्रें आणविलीं. मुलगा अवघा चाळीस दिवसांचा होता. त्याच छत्रपतींच्या नांवें, त्याच पदाचीं, आठ महिन्यांत दुसऱ्यांदा वस्त्रें निघालीं. पहिल्या खेपेस ज्याच्या अंगावर चढलीं त्याच्यावर खुनाचा डाग होता, दुसऱ्या खेपेस ज्याच्यासाठीं आलीं त्याला तीं पांघरुणासारखीं घालावीं लागलीं असतील. आणि तरीही बहुतेक सरदार या दुसऱ्या वस्त्रांमागें उभे राहिले. कापड सारखें असलें तरी तें कोणावर शोभतें याचा निवाडा अखेर सभा करते.

याच साताऱ्याच्या दरबारीं पोशाखाच्या डामडौलाची थट्टाही झाली आहे, आणि ती खुद्द शाहू महाराजांनीं केली. सापचे इंद्रोजी कदम हे मोठे तालेवार सरदार. ते आपल्या लोकांसह जरीकिनखाब व जवाहीर घालून महाराजांच्या भेटीस येणार असें कळलें. महाराजांस शिकारीचा नाद, आणि त्यांच्यापाशीं एक कुत्रा होता, खंड्या नांवाचा, ज्यानें वाघाच्या तावडींतून एकदां त्यांचा जीव वांचविला होता. महाराजांनीं आपले सारे अलंकार व जरीचा पोशाख त्या कुत्र्याच्या अंगावर चढविला, आपलें पागोटेंही त्याच्याच डोक्यावर ठेवलें, आणि स्वतः साधे बसून भरदरबारीं सरदारांची भेट घेतली. त्यानंतर त्यांनीं डोक्यास पागोटें म्हणून घातलें नाहीं. ग्रँट डफ यानें आपल्या मराठ्यांच्या इतिहासांत ही हकीकत दिली आहे, पण तो तिला महाराजांच्या बुद्धिभ्रंशाचा दाखला समजतो. आमच्याकडील परंपरा तिचा अर्थ निराळा करते, आणि मला तोच पटतो. ज्यास दरबार कसा भरवावा हें औरंगजेबाच्या छावणींतील सतरा वर्षांच्या वास्तव्यांत पुरतें समजलें होतें, त्यास दागिन्यांचें मोल किती आणि माणसाचें किती हें समजण्यास वेड लागावें लागत नाहीं. संगम माहुलीस महाराजांच्या समाधीजवळ त्या कुत्र्याचीही समाधि दाखवितात.

ग्रँट डफचें नांव निघालें म्हणून एक योगायोग सांगतों. हा गृहस्थ जातीचा स्कॉच, उत्तर किनाऱ्यावरील बॅन्फ गांवचा. पेशवाई बुडाल्यावर १८१८ च्या एप्रिलांत एलफिन्स्टननें प्रतापसिंह महाराजांस साताऱ्याच्या गादीवर बसविलें; एलफिन्स्टनही स्कॉचच. राज्याचा कारभार मात्र ग्रँट डफच्या हातीं ठेवला, आणि तो ५ एप्रिल १८२२ रोजीं महाराजांच्या स्वाधीन झाला. म्हणजे साताऱ्यास एका राजाला त्याचे अधिकार विधिपूर्वक मिळाले तो हा उन्हाळा. त्याच वर्षींच्या ऑगस्टांत तिकडे एडिंबरा शहरीं चौथा जॉर्ज बादशहा आला. बरीच वर्षें स्कॉटलंडांत इंग्लंडच्या राजाचें पाऊल पडलें नव्हतें. सर वॉल्टर स्कॉट या कादंबरीकारानें समारंभाची सारी आंखणी केली, आणि बादशहानें किल्ट नेसून दरबार भरविला. पोशाखाचा खर्च तेराशें पौंडांहून अधिक आला, आणि उघडे गुडघे दिसूं नयेत म्हणून आंतून कातडीच्या रंगाचे तंग मोजे घातले होते, त्यावर लोक बरीच वर्षें हंसले.

हंसण्याजोगी आणखी एक गोष्ट होती. ज्या किल्टाचा बादशहानें असा मान केला तो त्याच्याच घराण्याच्या राज्यांत एके काळीं गुन्हा होता. १७४५ च्या बंडानंतर पार्लमेंटनें कायदा करून डोंगरी स्कॉच लोकांस तो पोशाख बंद केला. पहिल्या गुन्ह्यास सहा महिने कैद, दुसऱ्यास सात वर्षें काळें पाणी. सवलत फक्त सरकारी पलटणींतील शिपायांस. १७८२ मध्यें तो कायदा रद्द झाला, आणि चाळीस वर्षांत मेंढपाळाचा वेश राजाचा झाला. मूळचा मोठा किल्ट म्हणजे तरी काय, कित्येक वार लांबीचें न शिवलेलें लोकरी कापड; जमिनीवर पसरून चुण्या घालावयाच्या, त्यावर आडवें होऊन पट्टा आंवळावयाचा, आणि उरलेला पदर खांद्यावर टाकावयाचा. आमचें धोतर आणि घोंगडी यांचेंच तें थंड देशांतील भावंड. फरक एवढाच कीं त्यांच्या चुण्या मागें आणि आमच्या निऱ्या पुढें. अमुक कुळाचे अमुक चौकडे ही वांटणीही बव्हंशीं त्या समारंभाच्या सुमारास व त्यानंतर पक्की झाली. जुनी म्हणून जी रीत आपण मिरवितों ती कित्येकदां आजोबांच्याच वयाची असते.

सांगलीची गोष्ट थोडी वेगळी. पटवर्धन घराणें मूळचें कोंकणांतील कोतवड्याचें. हरभट हे इचलकरंजीकर घोरपड्यांचे उपाध्याय, आणि त्यांच्या मुलांनीं पेशव्यांच्या चाकरींत तलवार गाजविली. मिरजेच्या वांटणींतून चिंतामणराव आप्पासाहेब १८०१ मध्यें सांगलीस वेगळे झाले. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनीं इतर जहागिरदारांप्रमाणें त्यांच्याकडे स्वारांची चाकरी मागितली. ज्यानें पेशव्यांच्या जरीपटक्याखालीं घोडा हांकला त्यास कंपनीच्या हुकुमानें उभें राहणें मानवलें नाहीं. त्यांनीं चाकरीऐवजीं मुलूख तोडून दिला. सालीना सुमारें सव्वा लाखाहून अधिक उत्पन्नावर पाणी सोडून त्यांनीं जें राखलें त्यास मी पोशाखाचाच प्रश्न म्हणतों, कारण दरबारांत कोणाच्या रांगेंत, कोणत्या वेशांत उभें राहावयाचें हाच त्याचा गाभा होता. पुढें १८४६ मध्यें कंपनीनेंच त्यांस सन्मानाची तलवार दिली. याच आप्पासाहेबांच्या आज्ञेवरून विष्णुदास भाव्यांनीं १८४३ मध्यें सांगलीस 'सीतास्वयंवर' उभें केलें, हें आपण जाणतांच.

इंग्रजी अमदानींत वस्त्रांचें काय झालें? रीत राहिली, रस आटला. कंपनीच्या अधिकाऱ्यास मिळालेली शाल किंवा मंदील त्यास घरीं नेण्याची मुभा नसे. ती तोशाखान्यांत जमा व्हावयाची, आणि दुसऱ्या संस्थानिकास द्यावयाच्या वेळीं तेथूनच बाहेर यावयाची. एकाच शालजोडीनें अनेक दरबार पाहिले असतील. आणि भांडण डोक्यावरून पायांत उतरलें. आमच्या रीतीनें बैठकीवर जोडे घालून जाणें हा अपमान. त्यांच्या रीतीनें डोकें उघडें करणें हा आदर. तडजोड म्हणून सरकारनें १८६८ मध्यें असा नियम केला कीं हिंदी गृहस्थानें विलायती बूट-मोजे घातले असतील तर ते सरकारी समारंभांत न काढले तरी चालतील. अर्थात् देशी जोडे दारांतच राहिले. एका वाक्यांत सरकारनें बुटाला प्रतिष्ठा दिली आणि चांभाराच्या कोल्हापुरी वहाणेची घेतली. तेव्हांपासून वर पगडी, मध्यें कोट, खालीं धोतर आणि पायांत बूट अशी जी मूर्ति आमच्या आजोबा-पणजोबांच्या तसबिरींत दिसते ती निव्वळ आवडीनें घडलेली नाहीं; तिच्यांत या नियमाचाही हात आहे.

या सर्व काळांत बायकांच्या पोशाखास कोणी हात लावला नाहीं. नऊवारी लुगडें, शालू, पैठणी, वर शेला. सरकारी ठरावांत त्यांचें नांवही नाहीं. पुढें मराठी स्त्रीनें समारंभास काय नेसावें याचा आदर्श घालून दिला तो रंगभूमीवरील एका पुरुषानें, नागठाण्याच्या राजहंस घराण्यांतील बालगंधर्वांनीं. हा विषय एका स्वतंत्र भाषणाचा आहे.

समारंभाच्या पोशाखाची सर्वांत धीट निवड मात्र साताऱ्याच्या एका मूळ रहिवाशानें केली. जोतीराव फुल्यांचें घराणें खटाव तालुक्यांतील कटगुणचें. २ मार्च १८८८ रोजीं पुण्यास हरि रावजी चिपळूणकर यांनीं राणीचे चिरंजीव ड्यूक ऑफ कॅनॉट यांस मेजवानी दिली. जमलेली मंडळी हिऱ्यामोत्यांनीं मढलेली. त्यांत जोतीराव आले ते शेतकऱ्याच्या वेशांत, डोक्यास फाटकें मुंडासें, खांद्यावर घोंगडी. दारावर अडवणूक होण्यासारखाच तो वेश होता. भोजनोत्तर ते उठले आणि पाहुण्यांस म्हणाले त्याचा आशय असा कीं हे अलंकार घातलेले लोक म्हणजे हिंदुस्थान नव्हे. खरा हिंदुस्थान पाहावयाचा तर खेड्यांत चला, आणि तेथील मुलांच्या शिक्षणाची गोष्ट राणीच्या कानांवर घाला. जोतीराव गरीब होते म्हणून तसे आले असें कोणी समजूं नये. ते ठेकेदारी करीत, पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद राहिले होते, आणि चांगला पोशाख त्यांच्या घरीं होता. त्यांनीं घोंगडी निवडली. शाहू महाराजांनीं जवाहीर काढून कुत्र्यावर घातलें तें धन्याच्या जागेवरून. जोतीरावांस ती जागा नव्हती, म्हणून मला त्यांचें धाडस मोठें वाटतें.

त्यानंतरच्या दोन प्रसंगांची नुसती आठवण देतों. १२ डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारांत बडोद्याचे सयाजीराव महाराज पांढऱ्या साध्या पोशाखांत, दागिन्यांवांचून, हातांत काठी घेऊन बादशहापुढें आले आणि इंग्रजी वर्तमानपत्रांनीं राजद्रोहाची हांकाटी केली. महाराजांस खुलासा लिहावा लागला. आणि १९३१ च्या नोव्हेंबरांत गांधीजी लंडनच्या राजवाड्यांत पंचा व चादर यांवर गेले, तेव्हां मात्र कोणी खुलासा मागितला नाहीं. त्याच्या आदल्या वर्षीं भरलेल्या पहिल्या गोलमेज परिषदेस संस्थानिकांच्या बाजूनें सांगलीचे दुसरे चिंतामणराव आप्पासाहेब हजर होते. वीस वर्षांत दरबाराचे नियम किती सैलावले हें यावरून दिसेल.

मार्च १९४८ मध्यें सांगली संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. सातारा तर एका शतकापूर्वींच, १८४८ मध्यें, डलहौसीनें खालसा केलें होतें. १९४९ मध्यें जुन्या साताऱ्याचे उत्तर व दक्षिण असे दोन जिल्हे झाले, आणि १९६० मध्यें दक्षिण साताऱ्याचें नांव सांगली पडलें. वस्त्रें देणारे दरबार संपले. वस्त्रें घालावयाचे प्रसंग संपले नाहींत. म्हणून एखादा तरुण जेव्हां विचारतो कीं लग्नांत शेरवानी घालूं, सूट घालूं, कीं आपलें कांहीं, तेव्हां त्यास मी एवढेंच सुचवितों कीं पगडी आणि फेटा यांतील भेद आधीं समजून घ्यावा. पगडी ही बांधणारानें एकदां बांधून ठेवलेली असते, टोपीसारखी घालावयाची आणि टोपीसारखी काढावयाची. तिचा घाट ठरलेला, चकरी म्हणजे चकरी आणि शिंदेशाही म्हणजे शिंदेशाही, आणि पूर्वीं त्या घाटावरून जात, गांव व दरबार ओळखूं येई. सांगलीकडे पटवर्धनांच्या राज्यांत पगडीचा दबदबा. साताऱ्याकडे शेतकरी व शिपाई यांच्या घरांतून पटक्याचा. फेटा प्रत्येक वेळीं नव्यानें, ज्याच्या त्याच्या डोक्याच्या मापानें बांधावा लागतो. त्याला आठ-नऊ वार मऊ कापड लागतें, सुती असेल तर पीळ धरतें, निसरडें रेशीमसदृश कापड असेल तर जेवणाच्या पंगतीपर्यंतच टिकतें. अंगरखा घालावयाचा असेल तर शिंप्यास बंदांचा सांगावा. बटणें लावून वर खोटे बंद शिवण्याची जी पद्धत निघाली आहे ती टाळावी. धोतर पांच वारांचें घ्यावें, आणि निऱ्या आदल्या दिवशींच एकदां घालून पाहाव्या. उपरणें चुणीदार असेल तर इस्त्री लागत नाहीं.

जुने नमुने ज्यांस डोळ्यांनीं पाहावयाचे असतील त्यांनीं औंधच्या डोंगरावरील बाळासाहेब पंतप्रतिनिधींचें संग्रहालय पाहावें; चित्रांतील पागोट्यांचे पेंच मोजण्यास तेथें सवड मिळते. पगडी बांधणारे कारागीर आतां हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. फेटे बांधणारे मात्र लग्नसराईंत पहांटेपासून फिरत असतात; मांडवाच्या कोपऱ्यांत एक खुर्ची मांडलेली असते, वऱ्हाडी एकामागून एक तीवर बसतात, आणि नवऱ्या मुलाची पाळी आली म्हणजे बांधणारा विचारतो, तुरा उजवीकडे ठेवूं कीं डावीकडे.